दरवाजे किती उघडले आणि पाणी किती चढले

प्रश्न : आमचे गाव चोपडा तालुक्यात तापीच्या काठावर आहे. ‘हतनूर धरणाचे सर्व ४१ दरवाजे पूर्ण उघडले’ असा निरोप एका पावसाळ्यात आला, तेव्हा आम्ही रातोरात गुरे हलवली. पण पाणी घाटाच्या निम्म्या पायऱ्याही चढले नाही. पुढे एकदा त्याहून कमी दरवाजे उघडे असताना नाल्याकाठची कपाशी दोन दिवस पाण्याखाली राहिली. मग या निरोपांवरून आम्ही काय समजायचे? गावाने स्वतः पातळी मोजायची ठरवली, तर ती कशी मोजावी?

उत्तर : गुरे हलवलीत हे योग्यच केलेत, आणि दोन्ही वेळचे निरोपही खरे होते. फक्त त्यांतून आपल्या घाटावरचे पाणी कळत नाही, कारण दरवाजांची संख्या म्हणजे विसर्ग (दर सेकंदाला सुटणारे पाणी) नव्हे आणि विसर्ग म्हणजे पातळी नव्हे. पूर्ण उघडलेल्या दरवाजातून किती पाणी सुटेल, हे धरणात त्या वेळी पाणी किती उंचीवर आहे त्यावर ठरते. हतनूरची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, समुद्रसपाटीपासून २१४ मीटर आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला जलाशय बराच खाली ठेवलेला असताना सगळे दरवाजे उघडले, तरी जाणारे पाणी मध्यम असू शकते. जलाशय भरत आलेला असताना थोडेच दरवाजे त्याहून अधिक पाणी सोडतात. म्हणून निरोप घेताना ‘दरवाजे किती’ यापेक्षा ‘विसर्ग किती क्युसेक आणि किती वाजल्यापासून’ हे विचारावे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. आकडा क्युमेकमध्ये असेल, तर एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, हे ध्यानात असू द्यावे. या दोन शब्दांच्या घोळामुळे गावेच्या गावे विनाकारण घाबरलेली किंवा विनाकारण निर्धास्त राहिलेली मी पाहिली आहेत.

दुसरे असे की, हतनूर सोडल्यानंतर आपल्यापर्यंत येईतो तापीला वाघूर मिळते, गिरणा मिळते आणि सातपुड्यातून उतरणारे नाले मिळतात. त्यांचे पाणी हतनूरच्या आकड्यात धरलेले नसते. गिरणेच्या खोऱ्यातला पाऊस आणि हतनूरचा विसर्ग एकाच सुमारास आपल्याकडे पोचले, तर दोन्ही आकडे एकेकटे मध्यम असूनही नदी पात्राबाहेर पडते.

कपाशी बुडाली ती मात्र बहुधा तापीच्या पाण्याने थेट नव्हे, तर नाल्याच्या फुगवट्याने. तापी भरून वाहू लागली की नाल्याचे तोंड दाबले जाते, त्याचे पाणी उतरायला जागा मिळत नाही आणि ते मागे मागे सरत शेतात पसरते. घाटावर सगळे शांत दिसत असताना गावाच्या पाठीमागे पाणी आलेले असते. म्हणून मोजपट्टी एक नव्हे, दोन ठिकाणी हवी : एक घाटावर आणि दुसरी नाल्याच्या पुलाच्या खांबावर.

सरकारी केंद्रांवर काठावर टप्प्याटप्प्याने पट्ट्या उभ्या केलेल्या असतात, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे नेमके मोजून ठेवलेले असते. शून्य १५० मीटरवर असेल आणि पट्टी ४.३५ दाखवत असेल, तर पातळी १५४.३५ मीटर. गावाला एवढ्या नेमकेपणाची गरज नाही. घाटाची न हलणारी एखादी पायरी किंवा देवळाचा ओटा शून्य धरावा, उन्हाळ्यात ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला खूण करावी आणि ती खूण दरवर्षी त्याच जागी पुन्हा रंगवावी. जुन्या महापुराचे पाणी कुठवर आले होते हे वडीलधाऱ्यांना विचारून तीही रेघ मारावी.

पुरात पाणी स्थिर नसते, ते खुणेवर चढते आणि उतरते. अशा वेळी मिनिटभर पाहावे, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची टेक ध्यानात घ्यावी आणि त्यांचा मध्य लिहावा. वहीत तारीख, वेळ, पातळी आणि ‘चढते’, ‘स्थिर’ किंवा ‘उतरते’ यांपैकी एक शब्द, एवढे पुरे. हा शेवटचा शब्द कधीही गाळू नये, कारण त्याच पातळीला चढत्या पुरात नदी उतरत्या पुरापेक्षा अधिक पाणी वाहून नेत असते. रात्री नऊला ३.४० आणि दहाला ३.६५ असेल, तर तासाला पाव मीटर चढ आहे, आणि पहिल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत एक मीटर उरले असेल, तर आपल्या हातात जेमतेम चार तास आहेत. चढ वाढला तर त्याहूनही कमी. हीच वही दोन-तीन पावसाळे ठेवली आणि तिच्याशेजारी हतनूरच्या विसर्गाची वेळ व आकडा लिहिला, की पाणी आपल्या गावी किती तासांनी येते हे आपले आपल्याला कळेल. ते उत्तर कुठल्याही कार्यालयात तयार मिळत नाही.

केंद्रीय जल आयोगाची तापीवर सावखेडा, गिधाडे आणि सारंगखेडा येथे केंद्रे आहेत, आणि आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ या मोफत अॅपवर पूर-अंदाज पाहता येतात. तिथे दिसणारी इशारा पातळी आणि धोक्याची पातळी त्या त्या केंद्रापुरतीच असते. ती आपल्या पायरीला लावू नये. आपली इशारा पातळी आपल्या वहीतून ठरवावी.

एक कळकळीची विनंती. पाण्याच्या कडेला काडी रोवून चढ पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण रात्री हे कोणीही करू नये. तापीचे काठ गाळमातीचे आहेत, पाण्याने फुगून ते आतून सुटतात, आणि पूर ओसरू लागल्यावर आधार जाताच अख्खी कड ढासळते. खूण लांबून बॅटरीच्या उजेडात दिसेल अशीच रंगवावी.

प्रश्न : धुळ्यात पांझरेच्या पुलाखाली पातळी मोजणारे यंत्र पाहिले. असे यंत्र असेल, तर पुराच्या रात्री माणूस कशाला बसवतात?

उत्तर : पुलाखाली बसवलेले यंत्र सहसा रडारचे असते. ते पाण्याकडे लहरी सोडते, परत येणाऱ्या लहरींवरून पाणी किती खाली आहे ते काढते आणि ठरावीक अंतराने आकडा पाठवते. पण महापुरात झाडेझुडपे वाहत येऊन पुलाच्या खांबांना अडकतात, तिथे पाणी फुगते, आणि यंत्र नदीऐवजी त्या फुगवट्याची पातळी देऊ शकते. कधी बॅटरी उतरते, कधी मोबाइलचे जाळे बंद पडते. पट्टीवर डोळा ठेवून बसलेला माणूस आकड्याबरोबर ‘खांबाला बाभूळ अडकली आहे’ हेही कळवतो, आणि तो आकडा धरावा की सोडावा हे नियंत्रण कक्षाला त्यावरूनच ठरवता येते.