वाचकांचे प्रश्न : खालच्या विभागातला फॉरवर्ड आणि मॅनेजरची खुर्ची

प्रश्न : मी टिळकवाडी, बेळगाव येथे राहतो. माझे वय ३१ आहे. शाळेपासून फुटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारा, म्हणून खेळत आलो. बेळगावात तीन टीम झाल्या, कोल्हापुरात एका तालमीकडून दोन हंगाम खेळलो, गोव्यात एक हंगाम काढला; पण कुठेच फार काळ टिकलो नाही आणि बरेचदा बेंचवरच बसलो. आता गुडघा साथ देत नाही. कोच व्हावे असे मनात आहे, पण घरचे आणि मैदानावरचे जुने लोकही म्हणतात, ‘जो स्वतः मोठा झाला नाही, तो पोरांना काय मोठे करणार?’ इंग्लंडमध्ये आयुष्यभर खालच्या विभागांत खेळलेला एक माणूस पुढे नामवंत मॅनेजर, म्हणजे तिकडच्या भाषेत टीमचा मुख्य कोच, झाला, असे एका मित्राने सांगितले. तो कोण? आणि त्याच्या वाटेने माझ्यासारख्याला जाता येईल का?

उत्तर : तुमच्या मित्राने सांगितलेले गृहस्थ बहुधा नील वॉरनॉक असावेत. त्यांचा जन्म १९४८ साली शेफील्डमध्ये झाला. ते कडेने खेळणारे फॉरवर्ड, म्हणजे विंगर होते. १९६७ ते १९७९ या काळात चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कन्थॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क सिटी आणि क्रू अशा आठ क्लबांकडून ते खेळले, आणि हे सगळे खेळणे त्या वेळच्या तिसऱ्या व चौथ्या विभागातच झाले. लीगचे ३२७ सामने आणि ३६ गोल, असा त्यांचा हिशेब आहे. नऊ सामन्यांत एक गोल करणाऱ्या विंगरची आठवण खेळाडू म्हणून फारशी कोणी ठेवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण मॅनेजर म्हणून त्यांच्या नावावर आठ बढत्या आहेत, म्हणजे आठ वेळा त्यांनी आपल्या क्लबला वरच्या विभागात नेले, आणि इंग्लंडमधला हा विक्रम आहे. स्कारबरो क्लबला त्यांनी १९८७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार विभागांत, नेले. पाचव्या पातळीच्या विजेत्याला थेट लीगमध्ये प्रवेश देण्याचे ते पहिलेच वर्ष होते. त्यानंतर नॉट्स काउंटीला १९९० आणि १९९१ अशा लागोपाठ दोन वर्षांत तिसऱ्या विभागातून पहिल्या विभागात आणले. पुढे १९९५ मध्ये हडर्सफील्ड, १९९६ मध्ये प्लिमथ, २००६ मध्ये शेफील्ड युनायटेड, २०११ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स आणि २०१८ मध्ये कार्डिफ. शेफील्ड युनायटेड हा तर त्यांच्या गावचा, लहानपणापासून जीव लावलेला क्लब. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, मिडल्सबरोचे मॅनेजर असताना, इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामन्यांना मॅनेजर राहण्याचा विक्रमही त्यांनी १६०० च्या पुढे नेऊन आपल्या नावावर केला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण नुसती यादी वाचून धीर येत नाही. वॉरनॉक यांनी मॅनेजरकीची सुरुवात केली ती लीगच्याही बाहेर, गेन्सबरो ट्रिनिटी आणि बर्टन अल्बियन या अर्धवेळ क्लबांत. त्या काळात पायांच्या तक्रारींवर उपचार करण्याचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. त्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले होते. म्हणजे दिवसा लोकांची भोवरी आणि नखे तपासायची आणि संध्याकाळी मैदानावर जायचे, असे त्यांचे दिवस होते. गाजलेल्या खेळाडूला पहिलीच नोकरी मोठ्या क्लबात मिळू शकते आणि तेथे तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुका करतो. खालच्या विभागातून आलेल्या माणसाला मात्र लहान जागी, कमी गाजावाजात, आपल्या चुका आपणच दुरुस्त करीत शिकता येते. माझ्या मते वॉरनॉक यांच्या यशात या वर्षांचा वाटा मोठा आहे, आणि तुम्हाला उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे : कामधंदा सोडू नका, आणि वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांची टीम हाती घेण्यात कमीपणा मानू नका.

दुसरी गोष्ट तुमच्याजवळ आधीपासून आहे, आणि तुम्ही तिची गणना उणिवेत केली आहे. तुम्ही बेंचवर बसलात. कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला मी अनेक पावसाळे उभा राहिलो आहे. शेवटची पंधरा मिनिटे उरली की राखीव मुलांपैकी एखादा बुटाची नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो. नाडी सैल झालेली नसते. आपण तयार आहोत हे कोचच्या नजरेस यावे, एवढाच त्याचा हेतू असतो. त्या वेळी पायमोजे चिखलाने लाल झालेले नसतात, आणि स्वच्छ पायमोज्यांनी घरी जाण्याची त्या मुलाला लाज वाटत असते. सदैव पहिल्या अकरात असणाऱ्या खेळाडूला ही नाडी सहसा दिसत नाही. तुम्हाला ती दिसेल, कारण तुम्ही ती बांधलेली आहे. टीम वीस जणांची असते आणि खेळतात अकरा; उरलेल्या नऊ जणांना सरावात मन लावून ठेवणे हे कोचचे निम्मे काम आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची आहे. बेळगावच्या एकाच टीममध्ये मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि कोकणी बोलणारी मुले असतात. पाठीवर समोरच्या टीमचा बॅक, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, आला की कोणी ‘मागं’ म्हणून ओरडतो, कोणी ‘हिंदे’, कोणी ‘पीछे’. आणि पायात बॉल असलेल्या मुलाला त्याच क्षणी ते कळावे लागते. तुम्ही बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा अशा तिन्ही ठिकाणी खेळलात, म्हणजे या सगळ्या हाका तुमच्या कानाला सवयीच्या आहेत. कोल्हापुरात तालमीमागे अख्खी पेठ उभी असते आणि हरल्यावर गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागते; गोव्यात धंदेवाईक क्लबांची शिस्त निराळी. ज्याने दहा वर्षे एकाच टीममध्ये काढली, त्याला हा फरक ऐकून माहीत असतो. तुम्ही ज्या ज्या कोचच्या हाताखाली खेळलात, त्या प्रत्येकाबद्दल एका वहीत दोन पाने लिहा : त्याच्या सरावातले काय आजही आठवते, त्याने तुम्हाला वगळताना काय सांगितले, की काहीच सांगितले नाही. ही वही तुम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

जुन्या लोकांच्या बोलण्याचा राग मानू नका. पण मुलांसमोर आपल्या खेळण्याच्या दिवसांची फुशारकीही मारू नका. मुले तुमचे गोल विचारणार नाहीत, सराव नीट आखला आहे का हे मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखतील.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे. फॉरवर्डला गोलापुरतेच दिसते, सगळे मैदान हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, दिसते, म्हणून फॉरवर्ड चांगला मॅनेजर होत नाही, असे आमच्याकडे मानतात. हे खरे आहे का?

उत्तर : हाफला मैदान अधिक दिसते, हे खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. युर्गन क्लॉप जर्मनीच्या माइन्ट्स क्लबकडून दुसऱ्या विभागात फॉरवर्ड म्हणून खेळू लागले आणि १९९५ नंतर त्यांना मागे, बचावात खेळवण्यात आले. २००१ च्या फेब्रुवारीत क्लब तिसऱ्या विभागात घसरण्याच्या बेतात असताना त्याच टीममधल्या या खेळाडूला मॅनेजर करण्यात आले. क्लब वाचला, आणि २००४ मध्ये पहिल्यांदाच बुंडेसलीगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या विभागात, पोहोचला. तुमच्या शाळेतही फॉरवर्डला महिनाभर बॅकला खेळवून पाहा. आपण कोणत्या धावेने बॅकला त्रास देत होतो, ते त्याला तेव्हाच उमगेल.

दुसरे उदाहरण पुढे मँचेस्टर युनायटेडचे नामवंत मॅनेजर झालेल्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे. ते खालच्या विभागातले नव्हेत. डन्फर्मलिनकडून १९६५-६६ च्या हंगामात त्यांनी स्कॉटलंडच्या अव्वल लीगमध्ये ३१ गोल केले. तरीही आदल्याच वर्षी, १९६५ च्या स्कॉटिश कप फायनलमधून त्यांना वगळले गेले, आणि ते त्यांना सामना सुरू होण्याच्या थोडाच वेळ आधी समजले. तो सामना सेल्टिकने ३-२ असा जिंकला. पुढे १९७४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांनी ईस्ट स्टर्लिंगशायर या लहानशा क्लबात अर्धवेळ मॅनेजर म्हणून काम धरले, तेव्हा त्या क्लबाकडे गोलकीपरसुद्धा नव्हता. आपल्या टीममधून कोणाला वगळायचे असेल, तर ते मैदानावर यादी वाचताना नव्हे, आदल्या दिवशी त्याला बाजूला बोलावून सांगा.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. कोचिंगचे लायसन्स बंगळूरकडून घ्यावे की मुंबईकडून? एका राज्याचे दुसऱ्या राज्यात चालते का?

उत्तर : चालते. लायसन्स राज्याचे नसून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे असते. कर्नाटकची संघटना बंगळूरला आहे, महाराष्ट्राची मुंबईला, आणि त्या अभ्यासवर्ग भरवतात. डी हे लायसन्स देशांतर्गत असते, सी पासून बी, ए आणि प्रो या पायऱ्या आशियाई महासंघाच्या मान्यतेच्या आहेत. पायरी गाळून सहसा वर जाता येत नाही, आणि डी साठी किमान वय १८ लागते. जागा मोजक्या असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या घोषणांवर लक्ष ठेवा आणि ज्या वर्गाला रजा मिळेल तो धरा. वर्गात प्रत्यक्ष मैदानावर सराव घेऊन दाखवावा लागतो. तेव्हा जाण्याआधी महिनाभर तरी गावातल्या मुलांचा सराव स्वतः घ्या, आणि प्रत्येक सराव आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवा : किती मुले, किती बॉल, किती मिनिटे, आणि पाऊस आलाच तर काय.