पिपटॅझपुढे ‘एस’ असताना मेरोपेनेम कशाला?

तुमच्या वडिलांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू आला, रिपोर्टखाली ‘इएसबीएल’ लिहिलंय, पिपटॅझ (पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम) या अँटिबायोटिकपुढे मात्र ‘एस’, म्हणजे ‘औषध चालेल’, असं आहे. तरी डॉक्टरांनी ते थांबवून मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक लावलं. उगाच भारी औषध दिलं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते उगाच नाही. कल्चरचे रिपोर्ट तयार करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इएसबीएल ही जंतूने बनवलेली एन्झाइम्स. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं ती तोडून टाकतात. पिपरॅसिलिनही तोडतात, म्हणून त्याच्यासोबत टॅझोबॅक्टम हा अंगरक्षक दिलेला असतो. लॅबमध्ये आम्ही जंतू मापून घेतो, तेवढ्यांना तो पुरतो. शरीरात जंतूंची संख्या अफाट असू शकते. त्यात अनेक इएसबीएल जंतूंकडे ऑक्सा-१ नावाचं आणखी एक एन्झाइम असतं, ते टॅझोबॅक्टमला फारसं जुमानत नाही. मेरोपेनेमला या दोघांचाही त्रास होत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. ‘मेरिनो’ नावाची चाचणी ९ देशांत झाली, निकाल २०१८ मध्ये आला. रक्तात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, पण पिपटॅझला ‘एस’, म्हणजे नेमके तुमच्या वडिलांसारखे पेशंट. ३० दिवसांत पिपटॅझच्या १८७ जणांपैकी २३ दगावले, मेरोपेनेमच्या १९१ पैकी ७. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

यावर वाद भरपूर झाला, आणि तो रास्तच होता. दगावलेल्यांपैकी बरेच जण कॅन्सरसारख्या आजारांनी आधीच खंगलेले होते. नंतर जंतू पुन्हा तपासले, तेव्हा ‘एस’ ठरवलेले काही मुळात ‘एस’ नव्हतेच. ते वगळल्यावर फरक बराच कमी झाला, पण झुकतं माप मेरोपेनेमकडेच राहिलं. मला तर या वादातून लॅबचा ‘एस’ किती डळमळीत असू शकतो हेच दिसतं. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये पिपटॅझने पेशंट सुधारत असेल तर बदलायची गरज नसते. रक्तात जंतू असताना मी तरी ती जोखीम घेतली नसती.

‘१४ दिवस सुया टोचणार का?’ हेही तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. ‘बॅलन्स’ चाचणीत (२०२४) रक्तातल्या इन्फेक्शनच्या ३६०८ पेशंटांमध्ये ७ आणि १४ दिवसांची तुलना झाली. ९० दिवसांतले मृत्यू १४.५ आणि १६.१ टक्के, म्हणजे ७ दिवस कमी पडले नाहीत. रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू असलेले, हृदयात कृत्रिम झडप असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेले पेशंट यात नव्हते. ताप उतरून बीपी स्थिर झालं आणि सिप्रो, लिव्हो किंवा कोट्रायमोक्साझोलपुढे ‘एस’ असेल, तर गोळ्यांवर आणता येतं. हे तुम्ही जरूर विचारा.

मेरोपेनेमपुढेच ‘आर’ (औषध चालणार नाही) आलं असतं तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा एनडीएम हे मेरोपेनेमही तोडणारं एन्झाइम असतं, आणि महागडं सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकटं त्याच्यावर चालत नाही. जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम लागतं. इटली-ग्रीसमधल्या अशाच १०२ पेशंटांच्या नोंदींत ही जोडी मिळालेल्यांचे ३० दिवसांतले मृत्यू १९ टक्के, इतर औषधं मिळालेल्यांचे ४४. ती रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेली) चाचणी नव्हती, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

औषधाच्या नावापेक्षा डॉक्टरांना मी आधी हे विचारेन: जंतू रक्तात आला कुठून? लघवीच्या वाटेत खडा अडकलाय का, कॅथेटर बदलला का, सोनोग्राफीत पू दिसतोय का? अडलेली किडनी मोकळी केल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक पुरं पडत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं असेल तर मेरोपेनेमचा डोस त्याप्रमाणे ठरवलाय ना, हेही पाहा. आणि कल्चर रिपोर्टची प्रत घरी जपून ठेवा. पुन्हा कधी थंडी वाजून ताप आला, तर कॅज्युअल्टीत पहिल्या डोसाआधी ती दाखवा.