नवे सरकारी हायस्कूल मंजूर झाल्यापासून पहिला वर्ग भरेपर्यंत काय-काय घडते?

तुमच्या भागात नवे सरकारी हायस्कूल मंजूर झाले आहे. ते सुरू व्हायला किती वर्षे लागतील, मधल्या काळात पालकांनी नेमके कशावर लक्ष ठेवावे आणि मुलीला पहिल्याच तुकडीत घालावे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. शाळांच्या इमारतींचे आराखडे करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने उत्तर थोडे लांबणार आहे.

जागा ताब्यात असेल तर मंजुरीपासून पहिल्या वर्गापर्यंत साधारण तीन ते पाच वर्षे धरावीत. त्यातले प्रत्यक्ष बांधकाम दीड-दोन वर्षांचे असते. उरलेला काळ पटसंख्येचा अंदाज, जागेची तपासणी, आराखडा, अंदाजपत्रक, मंजुऱ्या आणि निविदा यांत जातो. लोकांचे लक्ष मात्र खोदकाम सुरू झाल्यावर जाते, कारण तेव्हा डोळ्यांना काहीतरी दिसू लागते. माझ्या मते पालकांनी ज्या काळात जागे राहायला हवे तो काळ तोपर्यंत संपलेला असतो. फळे, बाके, रंग, पंखे, कुंपण, एवढेच काय मैदानाची आखणीसुद्धा नंतर बदलता येते; पण जागा, इमारतीचे तोंड, जिन्यांची रुंदी, मजल्याची उंची आणि खांबांमधले अंतर एकदा ठरले की पुढच्या दोन पिढ्यांसाठी ठरले. बैठकांमध्ये वेळ कशावर जातो हे पाहिलेत तर प्रमाण नेमके उलटे आढळेल. प्रवेशद्वाराच्या कमानीवर तासभर चर्चा होते आणि मजल्याची उंची कुणी विचारतही नाही.

पहिला प्रश्न मुलांच्या संख्येचा. हा अंदाज बांधण्याची रूढ पद्धत अशी, की आज खालच्या इयत्तांत असलेली मुले वर सरकताना किती टिकतात याचे गुणोत्तर मागच्या काही वर्षांच्या पटावरून काढायचे. यंदा आठवीत २०० मुले होती आणि पुढच्या वर्षी नववीत १९० आली, तर गुणोत्तर ०.९५. अशी चार-पाच वर्षांची सरासरी घेऊन आजच्या पहिलीतल्या मुलांना कागदावर दहावीपर्यंत चालवत न्यायचे आणि त्यात नव्या वसाहतींतून येणारी मुले मिळवायची. गणित सोपे आहे. घोळ होतो तो शेवटच्या बेरजेत. मंजूर झालेली प्रत्येक घरबांधणी पूर्ण होईल आणि प्रत्येक घरात शाळेच्या वयाची मुले असतील, असे धरले की शाळा हवी त्याहून मोठी होते. उलट, नव्या वसाहतीत सुरुवातीला तरुण कुटुंबे येतात, त्यांची मुले एकाच वेळी मोठी होतात आणि आठ-दहा वर्षांनी पट झपाट्याने उतरतो, ही गोष्टही विसरली जाते. तेव्हा सर्वाधिक पटाच्या एका वर्षासाठी पक्की इमारत बांधण्याऐवजी मधल्या पटासाठी बांधावी आणि वाढीव खोल्यांची जागा नकाशात आताच राखून ठेवावी, असे मी नेहमी सुचवतो.

जागेबद्दल थोडक्यातच सांगतो. फुकट मिळालेली जागा बहुतेक वेळा कुणालाच नको असलेली जागा असते. माती परीक्षणाचा अहवाल, पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, उच्चदाबाच्या विजेच्या तारा, आणि मुले ज्या रस्त्याने पायी किंवा सायकलवर येणार तो रस्ता, या चार गोष्टी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात. जमिनीवर वाचलेला पैसा पुढे पाया आणि भराव यांत जिरल्याची उदाहरणे आमच्या कामात ढिगाने सापडतात.

यानंतर खोल्यांची यादी तयार होते, आणि या टप्प्यावर मी तुम्हाला जरा थांबायला सांगेन. ही यादी वेळापत्रकातून निघाली पाहिजे. दुसऱ्या शाळेची यादी उचलून आणलेली नसावी. समजा, शाळेत २४ तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यात विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या ४ तासिका द्यायच्या आहेत. म्हणजे प्रयोगशाळेत आठवड्याला ९६ तासिका झाल्या. आठवड्यात ४० तासिका असतील तर भागाकार २.४ येतो, आणि अंदाजपत्रक तपासणारा अधिकारी म्हणतो की दोन प्रयोगशाळांत थोडी ओढाताण करून भागेल, तिसरी रिकामीच राहील. पण कोणतीही प्रयोगशाळा सगळ्या तासिका भरलेली राहूच शकत नाही, कारण साहित्य मांडायला, धुवायला आणि आवरायला वेळ लागतो. चाळीसपैकी बत्तीस तासिका खऱ्या वापराच्या धरल्या तर उत्तर बरोबर तीन येते. दोनच बांधल्या तर प्रात्यक्षिके फळ्यावर होतात, आणि ती तशी होत आहेत हे इमारतीच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही. हाच हिशेब ग्रंथालय, संगणक कक्ष आणि जेवणाची जागा यांना लावून पाहण्यासारखा आहे. तुमच्या समितीने खोल्यांच्या यादीसोबत हे वेळापत्रकही मागावे. ते मिळाले नाही, तर यादी कुठून आली ते आपोआप कळेल.

आराखड्याच्या बाबतीत कीर्ती आणि उपयोग यांचा मेळ बसतोच असे नाही. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात हन्स्टंटन येथे ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या दांपत्याच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली माध्यमिक शाळा १९५४ साली पूर्ण झाली. पोलादी सांगाडा, काचेच्या भिंती, उघड्या विटा अशी ती इमारत आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात मानाने नोंदली गेली; वर्ग मात्र उन्हाळ्यात तापत आणि हिवाळ्यात गारठत. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये वर्गांमधल्या भिंतीच काढून टाकलेल्या मोकळ्या शाळा मोठ्या उत्साहाने बांधल्या गेल्या, आणि शेजारच्या वर्गाच्या आवाजात शिकवता येईना म्हणून त्यांतल्या कित्येकींत पुढे भिंती घालाव्या लागल्या. रिकाम्या वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि बोललेला शब्द ०.६ सेकंदापेक्षा अधिक घुमू नये, अशी मर्यादा नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी अमेरिकेच्या मानकात आज घातलेली आहे. उजेडाचा ठोकताळा त्याहून सोपा आहे: खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामापुरता पोहोचतो. कड २.१ मीटरवर असेल आणि खिडक्या एकाच बाजूला असतील, तर सात मीटर खोल वर्गाच्या आतल्या रांगेत भर दुपारी दिवे लावावे लागतील. मजल्याची उंची वर मांडली ती एवढ्यासाठी.

नकाशा वाचता न येणाऱ्या लोकांकडून नकाशाला संमती घेण्याची एक वाईट प्रथा आहे. त्यावर मी वापरत आलेला उपाय असा, की मोकळ्या मैदानावर फक्कीने एका वर्गाची खऱ्या मापाची आखणी करायची, दार आणि खिडक्या दोरीने दाखवायच्या, जुन्या शाळेतली बाके आणून मांडायची आणि त्या शाळेच्या शिक्षकांना आत उभे करायचे. एकदा गणिताच्या बाईंनी फळ्याच्या जागेपासून मागच्या बाकापर्यंत चालायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत त्या अडकल्या, कारण दोन बाकांमधली वाट नकाशावर पुरेशी दिसत होती तरी दप्तरे खाली ठेवल्यावर ती उरतच नव्हती. आम्ही तिथल्या तिथे फक्कीची रेघ पाऊण मीटर पुढे सरकवली. हीच दुरुस्ती खांब उभे राहिल्यावर करायची म्हटली असती तर झालीच नसती.

निविदा निघून कंत्राटदार ठरला की पालकांच्या हाती फारसे काही राहत नाही, पण दोन गोष्टी राहतात. पहिली देखरेख. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात लाँग बीच परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि सत्तरएक शाळा उद्ध्वस्त झाल्या. शाळा सुटलेली होती म्हणून मुले वाचली. बरोबर महिन्याने, १० एप्रिलला, तिथे फील्ड ॲक्ट हा कायदा झाला. त्यानुसार सार्वजनिक शाळेचे नकाशे राज्याच्या यंत्रणेने तपासायचे, बांधकामावर कंत्राटदाराशी संबंध नसलेला निरीक्षक सतत ठेवायचा, आणि काम मंजूर नकाशाप्रमाणेच झाल्याचे आर्किटेक्ट, इंजिनिअर, निरीक्षक आणि कंत्राटदार या सर्वांनी लिहून द्यायचे. यातली मधली अट मला सर्वांत मोलाची वाटते. काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून मजबुती पाहण्याची चाचणी सगळेच करतात. पण स्लॅब पडत असताना माल सरकत नाही म्हणून त्यात पाइपने पाणी सोडून काँक्रीट कमकुवत करणाऱ्याला अडवायला चाचणीचा कागद उपयोगी पडत नाही, त्यासाठी तिथे माणूस उभा असावा लागतो. तो माणूस कोण आहे, त्याचा पगार कोण देतो आणि तो दररोज येतो का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मध्येच केलेली बचत. पैसे कमी पडू लागले की अंदाजपत्रकातून काय काढायचे याची बैठक होते आणि आर्किटेक्टला तिथे पुष्कळदा बोलावतही नाहीत. टेक्सासमधल्या न्यू लंडन येथील शाळेचे उदाहरण या धंद्यात सर्वांना माहीत असायला हवे. मूळ आराखड्यातली बॉयलरवर चालणारी उष्णतेची व्यवस्था शाळा मंडळाने रद्द करून खोल्याखोल्यांत गॅसचे हीटर बसवले, आणि पुढे १९३७ च्या सुरुवातीला गॅसचे बिल वाचवण्यासाठी जवळच्या तेलक्षेत्रातल्या वाया जाणाऱ्या गॅसच्या वाहिनीला जोडणी घेतली. त्या गॅसला वास नव्हता. गळती होऊन तो जमिनीखालच्या पोकळीत साठला आणि १८ मार्च १९३७ रोजी स्फोट होऊन तीनशेच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुतांश मुले होती. इंधनाच्या गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. प्रत्येक बचत इतकी भयंकर ठरत नाही, हे उघड आहे; पण जिने, बाहेर पडण्याचे मार्ग, वायरिंग, गॅस आणि छताचे जलरोधन यांतून एक पैसाही कापायचा नाही, असा ठराव तुमच्या समितीने काम सुरू होण्याआधीच करून घ्यावा. भिंतींवरच्या दगडी फरशा खुशाल कापू द्याव्यात.

इमारत पूर्ण होत आली की घाई सुरू होते, कारण उद्घाटनाची तारीख बहुधा इंजिनिअरने दिलेली नसते. मुख्याध्यापकांची नेमणूक वर्ग भरण्याच्या निदान एक वर्ष आधी व्हावी. शिक्षक निवडणे, वेळापत्रक लावणे, प्रयोगशाळेच्या साहित्याची मागणी नोंदवणे ही कामे शेवटच्या महिन्यात होत नाहीत. कोणत्या भागातली मुले या शाळेत येणार त्याची हद्दही तेव्हाच जाहीर व्हावी. हद्दीच्या रेषेवरून जितकी भांडणे होतात तितकी दुसऱ्या कशावरूनही होत नाहीत, आणि ती उशिरा जाहीर केली तर ती अधिक कडवट होतात. इमारतीचा ताबा घेण्यापूर्वी सगळे नळ एकदम सोडून पाहावेत, सगळ्या वर्गांतले दिवे आणि पंखे एकाच वेळी लावावेत, आणि आग लागल्यावर बाहेर पडण्याची एक तालीम खऱ्या मुलांना घेऊन करावी.

ताबा घेताना किल्ल्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे प्रत्यक्षात जसे बांधले गेले तसे दाखवणारे नकाशे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, शाळा उघडायला काही दिवस उरले असताना, हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या जुन्या पाट्यांच्या धोक्यामुळे इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांना इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद ठेवावे लागले. त्याआधी कोणत्या शाळेच्या छतात हा माल आहे हे शोधण्यासाठी सरकारला शाळाशाळांकडे प्रश्नावली धाडावी लागली होती. कंत्राटदाराचे शेवटचे बिल हे नकाशे मिळाल्याशिवाय देऊ नये. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे ताबा दिल्यानंतर निघालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायच्या काळात, किमान एक पूर्ण पावसाळा येतो ना, हेही करारात पाहून घ्यावे.

आता मुलीबद्दल. नवी शाळा शहाणपणाने चालवली तर पहिल्या वर्षी फक्त खालच्या एक-दोन इयत्ता सुरू करते आणि दरवर्षी वरची एक इयत्ता जोडत जाते. मुलगी आठवीत जाणार असेल तर खुशाल घाला. लहान पट, उत्साही शिक्षक आणि प्रत्येक उपक्रमात मिळणारा वाव यांचा तिला फायदाच होईल. परीक्षेच्या शेवटच्या दोन वर्षांत ती असेल आणि शाळा सगळ्या इयत्ता एकदम सुरू करणार असेल, तर मी तिला हलवणार नाही. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेची कपाटे असतात पण त्यांत साहित्य नसते, एखाद्या विषयाचा शिक्षक मध्येच येतो, आणि वेळापत्रक पहिल्या सत्रात तीन-चार वेळा तरी बदलते. ती सध्याच्या शाळेतच शिक्षण पूर्ण करू शकेल अशी सवलत हद्दीच्या नियमात आहे का, एवढे मात्र आताच लेखी विचारून ठेवा.