शेवटचे पन्नास गुण

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बुद्धिबळात तुझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, २४५० झालं आणि पहिला नॉर्मही, म्हणजे एखाद्या स्पर्धेत किताबाच्या तोडीचं खेळल्याची नोंद, हाती आला. इथून पुढे घाई सुटते, म्हणून लिहितो आहे. ग्रँडमास्टर किताबाला मिळून किमान २७ डावांचे नॉर्म लागतात, साधारणपणे तीन, आणि एकदा तरी २५०० रेटिंग. सगळे नॉर्मच्या मागे धावतात. अडतं ते रेटिंगपाशी.

एकदा २४०० गाठले की के-गुणक, म्हणजे एका निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, १० होतो आणि पुढे रेटिंग घसरलं तरी तोच राहतो. तुझ्या २४५० वर २३०० च्या खेळाडूला हरवलं तर ३ गुण मिळतात, बरोबरीत २ जातात, हार झाली तर ७. समोर २५५० चा असेल तर विजयाचे ६.४, बरोबरीचेही १.४ मिळतात आणि हरल्यावर फक्त ३.६ जातात. म्हणून स्पर्धा बक्षिसाच्या रकमेवरून ठरवू नकोस. नावनोंदणीची यादी काढ आणि स्वतःचा क्रमांक बघ. स्विस पद्धतीत, म्हणजे कोणी बाद न होता सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात त्या पद्धतीत, पहिल्या फेरीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, तेव्हा भक्कम गटात मधल्या क्रमांकाच्या थोडं खाली असणं तुला लाभाचं.

नॉर्मसाठी ९ डावांत २६०० ची कामगिरी हवी, म्हणजे २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल असा निकाल. प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग २३८० असेल तर डावांचे ७ गुण, २४३४ ला साडेसहा, २४७५ ला ६. फसगत होते ती नुसते गुण मोजल्याने. ९ प्रतिस्पर्ध्यांत किमान ३ ग्रँडमास्टर हवेत, शिवाय ते कोणत्या देशांचे आहेत याच्याही अटी आहेत. सातव्या फेरीनंतरच आर्बिटरला, म्हणजे पंचांना, विचार की काय कमी पडतंय. शेवटच्या फेरीत बरोबरी स्वीकारल्यावर विचारून उपयोग नाही.

घरचा अभ्यास ओपनिंगमध्येच, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींतच, बुडवू नकोस. इंजिनने, म्हणजे संगणकाच्या बुद्धिबळ प्रोग्रामने, सुचवलेल्या वीस चाली पाठ असतात, पण एकविसाव्या चालीला प्यादं का पुढे सारायचं ते कळलेलं नसतं, आणि तिथेच घड्याळातली पंचवीस मिनिटं जातात. डाव संपला की इंजिन लावायच्या आधी, त्याच संध्याकाळी, स्वतःचे विचार लिहून काढ: कोणती चाल दिसलीच नाही, कोणती दिसूनही भीतीने टाळली. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिलीला रोज तासभर कोडी, पट मांडून, मोहरे न हलवता. दुसरीला बरोबरीचा प्रस्ताव न देता खेळलेले लांब डाव. हत्ती-प्याद्यांच्या एंडगेमला, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याला, आठवड्याचे दोन दिवस दे. अर्धे गुण तिथेच सांडतात.

प्रत्येक चालीपुढे घड्याळातली उरलेली वेळ लिहीत जा. दहा डावांनंतर तुझी टाइम ट्रबल, म्हणजे वेळेची ओढाताण, कुठे सुरू होते ते तुलाच दिसेल. बहुतेकांची पंधराव्या चालीच्या आसपास सुरू होते, तिसाव्याला फक्त जाणवते.

आणि नॉर्म झाला की स्पर्धेचं गाव सोडण्याआधी मुख्य आर्बिटरच्या सहीचं प्रमाणपत्र हातात घे. त्यातली नावं, रेटिंग, किताब आणि देश तिथेच बसून तपास.