तुम्ही विचारा : चौकशी लागली, परतावा अडकला

प्रश्न : ताई, रेडिंगला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, अजून तोट्यातच. संशोधनावरच्या कर-सवलतीचा रोख परतावा मागितला, तर एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या ब्रिटिश कर-खात्याचं, चौकशीचं पत्र आलं. पगार कुठून करू? – एक वाचक

उत्तर : पत्र आलं म्हणजे आरोप झाला असं नाही. मात्र चौकशी संपेपर्यंत परतावा रोखून धरायची मुभा कायद्यानेच ब्रिटनच्या कर-खात्याला दिलीय, त्यामुळे रोज फोन करून काही हाती लागायचं नाही. त्याच कायद्यात एक वाटही आहे, जी बरेच जण विसरतात : अधिकाऱ्याला योग्य वाटेल तेवढी रक्कम तो तात्पुरती देऊ शकतो. तो तुमचा हक्क नाही, त्याची मर्जी. तरी लेखी मागाच. पगारातून कापलेला कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) थकलाय का, तेही बघा. ते थकलं असेल तर चौकशी नसतानाही पैसे अडतात.

खरी मेहनत उत्तरावर घ्या. ‘क्रांतिकारी’, ‘अत्याधुनिक’ असली जाहिरातबाजी नको. तुमच्या इंजिनिअरलाच लिहायला बसवा : काय जमत नव्हतं, कुठली पद्धत फसली, जाणकारालाही उत्तर सहज का सापडलं नसतं. सोबत तारखा, तासांच्या नोंदी. कमिशनवाल्या एजंटाच्या हाती हे लिखाण देऊ नका, माझं स्पष्ट मत!

पगारासाठी बँकेशी आजच बोला. चौकशी उगाच रेंगाळली, तर ती बंद करण्याचा आदेश ट्रायब्युनलकडे, म्हणजे कराचे वाद ऐकणाऱ्या लवादाकडे, मागता येतो.