चांगला अँटिव्हायरस असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपवर टोरंट वापरायला काय हरकत आहे?

"पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे, मग भीती कसली?" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी गेली कित्येक वर्षं मेव्हण्याच्या तोंडून ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. (टोरंट म्हणजे एकाच ठिकाणाहून नाही, तर अनेक लोकांच्या मशीनमधून तुकड्यातुकड्यानं फाइल उतरवायची पद्धत; उतरवता उतरवता आपणही ती इतरांना वाटत असतो.)

२००८ साली पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका वाड्याच्या तळमजल्यावर माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नाचे बायोडाटे, पत्रिका, प्रबंध, हँडबिलं. आमच्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडचा हिशेब धरत नसत. मेव्हणा तेव्हा इंजिनिअरिंगला, राहायला आमच्याकडेच. तो दुकानातलं मशीन रात्रभर चालू ठेवून गाणी उतरवायचा. प्रोग्राम टोरंटसारखाच, लोकांनी एकमेकांच्या मशीनमधून फायली घ्यायचा; नाव घेत नाही, त्या काळातले असाल तर ओळखालच. गाणी कुठे ठेवू, असं प्रोग्रामनं विचारलं तेव्हा या पठ्ठ्यानं अख्खा डी ड्राइव्ह दाखवून दिला. आणि त्या प्रोग्रामची रीत अशी, की जिथे उतरवायचं तेच फोल्डर, पोटातल्या सगळ्या फोल्डरांसकट, जगाला वाटायचं. गिऱ्हाइकांची सगळी कामं डी ड्राइव्हवर.

एका शनिवारी सकाळी एक काका आले. मुलीचा बायोडाटा आदल्याच आठवड्यात आमच्याकडून करून नेलेला. काही न बोलता त्यांनी कापडी पिशवीतून गठ्ठा काढला आणि काउंटरवर एकेक प्रत मोजत ठेवली. पन्नास. मग म्हणाले, "पन्नासच्या पन्नास माझ्याकडे आहेत. वधूवर मंडळात अजून एकही दिलेली नाही. मग काल रात्री परगावच्या माणसाचा फोन कसा आला? रास, नक्षत्र, उंची, सगळं वाचून दाखवलं त्यानं मला."

त्या माणसाला मीच फोन लावला. बिचारा स्वतःच्या बायोडाट्यासाठी नमुना शोधत होता. सर्चमध्ये 'बायोडाटा' टाकल्यावर आमच्या दुकानातले दहा-बारा त्याच्यासमोर आले, त्यातली एक मुलगी आवडली. त्याला तरी काय बोलणार?

खिडकी बंद केली तरी तो प्रोग्राम खाली घड्याळाशेजारी चिन्ह होऊन बसायचा. काकांसमोरच उघडला. अपलोडच्या रकान्यात त्या क्षणीही एक फाइल चालली होती. कुणाच्या तरी पीएचडीचं तिसरं प्रकरण, ६४ टक्के. मी वायरच उपटली.

मेव्हणा संध्याकाळी कॉलेजातून आला आणि म्हणाला, "व्हायरस शिरला असणार, भावोजी. लायसन रिन्यू केलं नसेल तुम्ही." लायसन चालू होतं! अँटिव्हायरसनं पकडायचं काय त्यात? प्रोग्राम अस्सल, फायली अस्सल, परवानगी आपणच दिलेली.

जपानात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे विनी नावाचं शेअरिंगचं सॉफ्टवेअर लोकप्रिय होतं. अँटिनी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरसच म्हणा) लोकांच्या मशीनमधल्या फायली उचलून त्या जाळ्यावर सोडायचा. पोलिसांचे आणि सैन्याचे कागद बाहेर आले. शेवटी २००६ मध्ये शिंझो आबे (तेव्हा मुख्य कॅबिनेट सचिव) यांनी, विनी वापरू नका, असं लोकांना जाहीरपणे सांगितलं. हे मेव्हण्याला ऐकवलं तर म्हणतो, "बघा, म्हणजे वर्म होताच की!" आता काय बोलायचं? वर्म होता, मान्य. पण एकदा बाहेर गेलेला कागद परत बोलावता येईना, तो या जाळ्यांच्या घडणीमुळे. पुसून टाका म्हणून सांगायला मधे मालकच नसतो.

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा. "टोरंट प्रत्येक तुकडा तपासून घेतं, भेसळ होऊच शकत नाही." तुकडा तपासला जातो हे खरं. कझा या जुन्या शेअरिंगच्या प्रोग्राममध्ये मोठ्या फाइलचे ठरावीक भागच हॅशमध्ये धरायचे, त्यामुळे मधल्या मजकुरात कचरा भरून खोटी गाणी सोडणं सोपं होतं. टोरंटमध्ये तसं नाही. पण पेरणाऱ्यानं जे पेरलं तेच तुमच्यापर्यंत आलं, एवढंच हॅश सांगतो. विष पेरलं असेल तर विषही बिनचूक येतं.

आणि क्लायंटचं, म्हणजे टोरंट ज्यानं उतरवायचं त्या प्रोग्रामचं काय? मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन नावाच्या क्लायंटच्या अधिकृत साइटवरच मॅकसाठीच्या २.९० आवृत्तीत केरेंजर हे रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) घुसवलेलं सापडलं. प्रोग्रामवरची डिजिटल सही वैध सर्टिफिकेटची, त्यामुळे मॅकच्या पहाऱ्यानंही आत सोडलं. तीन दिवस गप्प बसायचं, मग फायली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचं. २०१८ मध्ये गूगलचा सुरक्षा संशोधक टॅविस ऑरमँडी यानं दाखवलं की म्यूटोरंट हा क्लायंट चालू असताना नुसतं एखादं वाईट वेबपेज उघडलं, तरी ते पेज क्लायंटला हुकूम सोडू शकतं. त्याच्या ब्राउझरमधून चालणाऱ्या म्यूटोरंट वेबमध्ये तर डाउनलोडचं फोल्डर बदलून विंडोजच्या स्टार्टअपमध्ये फाइल टाकता यायची, म्हणजे पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की ती आपोआप चालणार. अँटिव्हायरसचे पैसे वेळेवर भरले होते की नाही, हे ते पेज विचारत बसत नाही. या चुका नंतर दुरुस्त झाल्या, पण जुनीच आवृत्ती जपून ठेवणारे मला आजही भेटतात. (आमच्या घरातही एक आहेत.)

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तो तुमचा नाही, आणि टोरंट चालू असताना तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या कुणालाही तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर असाल तर कंपनीचा. घरच्या मशीनवर ठीक आहे. मी स्वतः लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फायली) टोरंटनंच उतरवतो आणि साइटवर दिलेल्या चेकसमशी, म्हणजे त्या फाइलच्या हॅशशी, ताडून पाहतो. आजचं टोरंट अख्खं फोल्डर वाटत नाही, तुम्ही घेतलेल्या फायलीच वाटतं, तेव्हा २००८ ची माझी गोष्ट तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही, हेही कबूल. फक्त क्लायंट अपडेट ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून किंवा ब्राउझरमधून क्लायंट चालवायची सोय लागत नसेल तर ती बंद करा.

काकांनी फोन नंबर बदलून पन्नास प्रती परत काढून नेल्या. मी नको नको म्हणत असताना पैसेही मोजून ठेवले. मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यातून अँटिव्हायरसचं पुढच्या वर्षाचं लायसन भरून टाका.