जारचं पाणी आणि आठ महिन्यांचं बाळ: मायक्रोप्लास्टिकचं काय करायचं?

तुम्ही जालन्याहून विचारलंय की रक्तात मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे अगदी बारीक कण, सापडल्याची बातमी वाचली, घरात जारचं पाणी आहे, आठ महिन्यांचं बाळ बाटलीनं दूध पितं, तर आता काय करावं. मी लातूरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हा विषय मला फार जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बातमी खरी आहे. 2022 साली नेदरलँड्समध्ये 22 जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या 17 जणांमध्ये प्लास्टिक सापडलं. 2024 चा इटलीतला अभ्यास जास्त गंभीर आहे. मानेच्या धमनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेनं काढलेल्या 257 रुग्णांपैकी 150 जणांच्या थरात पॉलिथिन होतं. पुढच्या जवळपास तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका त्यांच्यात इतरांपेक्षा साधारण साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण माझ्या मते काळजी घ्यायला एवढं पुरेसं आहे.

सगळ्यात आधी बाळाची बाटली. आयर्लंडमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. एका लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत कण सुटत होते आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. तेव्हा पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यातच कालवा, कोमट झाल्यावर बाटलीत ओता. बाटलीत गरम पाणी घालून खळाखळा हलवू नका. काचेची बाटली मिळाली तर उत्तम. वाटी-चमच्यानं पाजायची सवय लावता आली तर त्याहून चांगलं.

आता पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याला सगळे नावं ठेवतात: डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो. तोच थर इथे कामाला येतो. जड पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि प्लास्टिकचे कण त्यात अडकतात. 2024 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळून, निवू देऊन गाळलं तर 80 ते 90 टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. मऊ पाण्यात मात्र हे प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपासच राहतं. जारचं पाणी बहुतेक वेळा आरओचं, म्हणजे मऊ असतं. त्यामुळे ते उकळून प्लास्टिकच्या बाबतीत फारसं हाती लागत नाही. बाळासाठी जंतू मारायला उकळायचंच, तो मुद्दा वेगळा. त्यात जार उन्हाळ्यात 42 अंशांत टेम्पोवर तापत येतात, हे मला मुळीच पटत नाही.

एक धोका मात्र नक्की लक्षात घ्या. बोअरच्या पाण्यात फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असेल तर ते उकळून जात नाही; पाणी आटतं तसं वाढतं. म्हणून आधी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. तिथे नापास झालं तर घरचा आरओ बरा, तो हे कणही बऱ्यापैकी अडवतो. त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, आपल्याकडे मे महिन्यात ते सोडून देणं परवडत नाही.

छतावरची प्लास्टिकची टाकी बदलायच्या फंदात पडू नका. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे दुसरं करणार काय? टाकीवर सावली करा आणि पिण्याचं पाणी माठात किंवा तांब्याच्या कळशीत भरून ठेवा.

मोठ्यांसाठी पहिला बदल म्हणजे टपरीवरचा कागदी कप सोडायचा. त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात अशा कपातल्या 100 मिलिलिटर गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25 हजार कण सुटले होते. काचेचा ग्लास मागून घ्या. कॅरीबॅगेत चहा किंवा गरम भाजी बांधून आणणंही बंद करा, घरून डबा न्या.

बाळ आता रांगायला लागलं असेल. घरातल्या धुळीत सिंथेटिक कपड्यांचे, गाद्या-पडद्यांचे धागे असतात आणि ते हातावाटे थेट तोंडात जातात. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसा. आरओचं धरून ठेवलेलं पाणी त्यालाच वापरता येईल. अंथरायला प्लास्टिकच्या चटईऐवजी सुती सतरंजी घ्या.